गेलिक ध्वनिसंग्रहातून कलाकृती घडवताना

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

स्कॉटलंडमधील गेलिक या जुन्या भाषेचा वारसा आणि मौखिक इतिहासाचे संग्रह यांच्या आधारे तिथल्या संस्था कलावंतांकडून नव्या कलाकृती करवून घेतात, यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. मात्र अशा कलाकृतींसाठीचा पैसा नेमका कोणत्या कामासाठी द्यावा, हा प्रश्न त्यात आलेला नाही आणि माझ्या मते कळीचा प्रश्न तोच आहे.

एडिंबरा विद्यापीठातील ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ ही संस्था १९५१ मध्ये सुरू झाली. लोककथा आणि गाणी गोळा करणारे तिचे पहिले संग्राहक कॅलम मॅक्लीन हे रासे बेटावरचे होते आणि गेलिक ही त्यांची मातृभाषा होती, त्यामुळे कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्यांशी त्यांना दुभाष्याविना बोलता येत असे. कर्करोगामुळे एक हात गमावल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. या संस्थेची ध्वनिमुद्रणे, बीबीसीची काही मुद्रणे आणि कॅना बेटावरील जॉन लॉर्न कॅम्पबेल यांचा संग्रह हे सारे २०१० पासून ‘टोबर अन डुअलखिश’ या संकेतस्थळावर ऐकता येते. तिथे मुद्रणासोबत सांगणाऱ्याचे नाव, त्याचा मूळ प्रदेश आणि आशयाचा सारांश दिलेला असतो. म्हणजे नवे काही करू पाहणाऱ्याच्या हाती नुसता आवाज पडत नाही, तर त्या आवाजामागचा माणूसही सापडतो.

तरीही घोटाळा होतो, आणि कापड मळताना म्हटली जाणारी बायकांची गाणी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हातमागावरून उतरलेले लोकरीचे कापड शिळ्या मूत्रात भिजवत, मग लांब फळीभोवती बसलेल्या बायका ते आपटत, दाबत आणि एकमेकींकडे सरकवत. एक जण कडवे म्हणे आणि बाकीच्या पालुपद उचलत. पालुपदात बहुधा अर्थहीन अक्षरे असतात. बुडालेला प्रियकर, मारला गेलेला भाऊ, गावातली थट्टामस्करी, हे सगळे कडव्यात असते. गेलिक न येणाऱ्याच्या कानाला पालुपदाचीच भुरळ पडते. मग तेवढाच तुकडा उचलून, त्याखाली समुद्राच्या लाटांचा आवाज घालून ‘गूढ’ असे काहीतरी तयार होते आणि बाईला जे सांगायचे होते ते संग्रहातच पडून राहते.

याचा अर्थ जुन्या मुद्रणांना हातच लावू नये असा नाही. संगीतकार मार्टिन बेनेट यांनी २००३ च्या ‘ग्रिट’ या ध्वनिफितीत भटक्या समाजातील गायकांचे आणि गेलिक गायिकांचे जुने आवाज नृत्यसंगीताच्या दणक्यात बसवले, पण गाणाऱ्याला त्याचे म्हणणे मांडू दिले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुईस बेटावरील जमीनलढ्यांची स्मारके मला याहूनही मोलाची वाटतात. पार्क येथे १८८७ मध्ये उपाशी गावकरी हरणांच्या राखीव रानात घुसले. एग्निश येथे १८८८ मध्ये दंगल झाली. आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी ग्रेस येथे बेटाचे तेव्हाचे मालक लॉर्ड लेव्हरह्यूम यांच्या शेतजमिनीचा ताबा घेतला. या तिन्ही घटनांची दगडी स्मारके कलावंत विल मॅक्लीन यांनी गवंडी जिम क्रॉफर्ड यांच्यासह १९९० च्या दशकात उभारली. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी सांगितला गेलेला हा इतिहास ज्या परिसरात घडला तिथेच तो दगडात उभा राहिला, आणि रोज त्यावरून जाणाऱ्यांना तो कोणी समजावून सांगावा लागत नाही.

ही काळजी आज अधिक घ्यावी लागेल, कारण २०२२ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये गेलिक थोडीफार जाणणाऱ्यांची संख्या वाढून सुमारे १ लाख ३० हजारांवर गेली असली, तरी पश्चिमेकडील बेटांवर, म्हणजे भाषेच्या माहेरीच, ती बोलणारे आता निम्म्याहून कमी उरले आहेत. शहरातल्या दालनात एक सुंदर ध्वनिशिल्प लागल्याने या उताराला बांध बसणार नाही.

म्हणून कलाकृतीसाठी ठेवलेल्या रकमेतील ठरावीक वाटा निवडलेल्या मुद्रणांचे संपूर्ण लेखन, भाषांतर आणि गाणाऱ्यांच्या वारसांची भेट यांसाठी आधीच बाजूला काढावा आणि कलावंताला गेलिक येत नसेल, तर ती येणाऱ्या माणसाला सल्लागार नव्हे, तर सहकर्ता म्हणून मानधन द्यावे. आपल्याकडे संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली होती. तोच शिरस्ता कलाकृतीलाही लावता येईल. पहिले प्रदर्शन एडिंबरा किंवा ग्लासगोत न भरवता, मुद्रण जिथे झाले त्या गावच्या सभागृहात भरवावे, आणि तिथल्या फलकावर गायिकेचे नाव कलावंताच्या नावाएवढ्याच अक्षरांत असावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे