‘तिथले लोक तुला आपली मानतात का?’

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा हा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत आटोपण्यासारखा नव्हता, म्हणून लिहितेय.

मी राहते तो कॅटलोनिया म्हणजे स्पेनचा, स्वतःची वेगळी भाषा असलेला प्रांत. इथल्या कॅटलान लोकांकडे याचं ठरलेलं उत्तर असतं. 1980 ते 2003 इथल्या प्रांतिक सरकारचे अध्यक्ष असलेले जॉर्दी पुजोल म्हणायचे, जो कॅटलोनियात राहतो आणि काम करतो, तो कॅटलान. पुढे शेपूट असायचं: आणि ज्याला कॅटलान व्हायचंय. ग्यानबाची मेख तिथेच आहे! याच पुजोलनी तरुणपणी दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या गरीब माणसाबद्दल जे लिहून ठेवलंय, ते वाचवत नाही.

हुकूमशहा फ्रँकोच्या काळात अंदालुसिया, मुर्सियाकडून लाखो लोक इथल्या कारखान्यांत आले. बार्सिलोनाच्या कडेला झोपड्या घालून राहिले, स्थानिकांची हेटाळणी सोसली. लेखक फ्रान्सेस्क कांदेल अशाच वस्तीत वाढले. 1964 साली त्यांनी या लोकांवर पुस्तक लिहिलं आणि नावातच त्यांना ‘इतर कॅटलान’ म्हणून टाकलं. पुढे 2006 मध्ये कोर्दोबा प्रांतात जन्मलेले होसे मोंतिया अध्यक्ष झाले. त्यांच्या अडखळत्या कॅटलान भाषेला लोक हसायचे, पण खुर्ची मिळालीच ना!

बाबा, मराठी शाळा बंद पडतात म्हणून तुम्ही हळहळता ना? इथे बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमात, अशाच बाहेरून आलेल्या मजुरांच्या वस्तीत, स्पॅनिश बोलणाऱ्या आईबापांनीच ‘आमच्या पोरांना कॅटलानमधून शिकवा’ म्हणून आग्रह धरला होता. मला हे फार भारी वाटतं. रक्त बदलता येत नाही, भाषा निदान शिकता तरी येते.

आता आई, बेकरीतली गंमत ऐक. मी घोकून गेलेलं वाक्य कॅटलानमध्ये म्हणते, पाव मागते. काउंटरवरच्या बाई माझ्या तोंडाकडे बघून चटकन स्पॅनिशवर येतात. मला सोपं जावं म्हणून हं, मनात काही नसतं. पण शिका म्हणायचं आणि बोलूच द्यायचं नाही, याला काय म्हणावं?

आणि इथल्याच रिपोल गावात 2023 पासून सिल्विया ओरिओल्स महापौर आहेत. मुसलमानांविरुद्ध उघड बोलतात. 2024 मध्ये त्यांच्या पक्षाला कॅटलान संसदेत दोन जागाही मिळाल्या. माझ्या वर्गातली मोरोक्कोची मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने कॅटलान बोलते. ओरिओल्सबाईंच्या हिशेबात ती तरीही परकीच.

तर बाबा, मानणं माणसागणिक बदलतं. मी मात्र समोरून स्पॅनिश आलं तरी कॅटलान सोडत नाही. बेकरीवाल्या बाई हल्ली वैतागतात.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? कळव.

तुमची,
मनू