रान राखणाऱ्यांना मदत हवी तालुक्यातच

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील गावकऱ्यांनी राखलेल्या रानांना मदत मिळावी, असे सुचवणारे पत्र आपल्या दैनिकात वाचले. मागणी रास्त आहे, पण मदतीची व्यवस्था कागदावर आधीच आहे. ती गावापर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुखणे.

कर्नाटकात 1993 पासून संयुक्त वन व्यवस्थापनाखाली ग्राम अरण्य समित्या स्थापन होतात. त्या वनखात्याच्या बरोबरीने चालतात. 2006 चा वनहक्क कायदा याच्या पुढे जातो. त्यानुसार परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाच्या रक्षण-व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो, भीमगडसारख्या अभयारण्यातही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने हा हक्क 2009 मध्येच मिळवला. दावा मंजूर झाल्यावर सरकारी योजनांचा लाभ द्यावा, असेही नियमांत आहे.

अडते ते दाव्यापाशी. सामूहिक वनाच्या दाव्यासाठीचा ‘क’ नमुन्यातला अर्ज, गावाच्या रानाच्या चतुःसीमा, नकाशा, जाणत्यांचे जबाब आणि सगळा व्यवहार कन्नडमधून. फाल्गुनात पाचोळा लोटून आगरेषा काढणारी, ओल्या फांद्यांनी वणवा झोडपणारी आमची माणसे या कागदांपुढे हतबल होतात. एरवी त्यांच्याइतके रान कोणाला ठाऊक आहे?

म्हणून समाजकल्याण आणि वनखात्याने खानापुरात आठवड्यातून एक दिवस तरी मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा माणूस बसवावा. त्याने दावे भरून द्यावेत, पोच द्यावी. तालुक्यातील स्वयंसेवी संस्थांनी आणि महाविद्यालयांनी नकाशाचे काम अंगावर घ्यावे.

— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)