ग्रीसचे ‘नवे-जुने’ आणि त्साकालोतोस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीसच्या कर्जसंकटावर मराठीत काही छापून आले की डावा अर्थमंत्री म्हणून यानिस वारुफाकिस यांचेच नाव येते. ते त्या खुर्चीत जेमतेम पाच महिने होते. त्यांच्या जागी ६ जुलै २०१५ रोजी आलेले युक्लिड त्साकालोतोस हे काळजीवाहू सरकारचे काही आठवडे सोडले तर जुलै २०१९ पर्यंत अर्थमंत्री राहिले. ग्रीसच्या कर्जफेडीचे आजचे वेळापत्रक त्यांच्याच काळात ठरले. डाव्या पक्षाने राज्य कसे केले हे पाहायचे असेल तर अभ्यास यांचा व्हायला हवा.

जन्म १९६०, रॉटरडॅमचा. शिक्षण लंडन, ऑक्सफर्ड आणि ससेक्सला. घराण्यातले जनरल थ्रासिवुलोस त्साकालोतोस यादवी युद्धात कम्युनिस्टांविरुद्ध लढलेले, आणि हे मात्र मार्क्सवादी. केंट विद्यापीठात आणि पुढे अथेन्समध्ये अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवून २०१२ मध्ये ते सिरिझा या डाव्या पक्षातर्फे संसदेत आले. मंत्री म्हणून युरोगटाच्या, म्हणजे युरो चलनाच्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या, पहिल्याच बैठकीला गेले तेव्हा हातातल्या हॉटेलच्या कागदावरचे टिपण छायाचित्रकारांनी टिपले. ‘विजयाचा आव नको’ अशा अर्थाची नोंद त्यावर होती. दोनच दिवसांपूर्वी सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या, म्हणजे युरोपीय संस्था व नाणेनिधीच्या, अटी धुडकावल्या होत्या. बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच निघत होते.

त्या महिन्यात पैसा कुठून आला आणि कुठे गेला, ते पाहण्यासारखे आहे. २० जुलैला ग्रीसला ७.१६ अब्ज युरोचे तीन महिन्यांचे तात्पुरते कर्ज मिळाले. त्यातले सुमारे ४.२ अब्ज त्याच दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोख्यांपोटी गेले आणि सुमारे २ अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या थकबाकीत. ऑगस्टमध्ये ८६ अब्जांपर्यंतचा तिसरा बचाव-कर्जाचा करार झाला आणि त्याच्या पहिल्या हप्त्यातून हे तात्पुरते कर्ज फिटले. आपल्याकडे सोसायटीचे पीककर्ज जसे मार्चअखेर ‘नवे-जुने’ करतात, तसाच हा व्यवहार. कागदोपत्री खाते नियमित होते, पण शेतात एक रुपयाही जात नाही. ‘ग्रीसला एवढे अब्ज दिले’ हे वाक्य वाचताना हे ध्यानात ठेवावे.

१३ जुलैच्या पहाटे युरोपीय नेत्यांशी झालेल्या तडजोडीत सरकारी मालमत्ता विकून उभारायचा ५० अब्जांचा निधी ग्रीसवर लादला गेला. तो लक्झेंबर्गऐवजी अथेन्समध्ये राहावा आणि त्यातला एक चतुर्थांश गुंतवणुकीला मिळावा, एवढेच पदरात पडले. मी याला विजय म्हणणार नाही. त्साकालोतोस यांनीही म्हटले नाही. संसदेत ते म्हणाले की आपण योग्य केले की नाही हे माहीत नाही, दुसरा पर्याय नव्हता असे मात्र वाटले.

माझा खरा आक्षेप पुढच्या तीन वर्षांवर आहे. व्याजखर्च वगळून सरकारकडे उरणाऱ्या प्राथमिक शिलकीचे उद्दिष्ट २०१६ साठी जीडीपीच्या ०.५ टक्के आणि २०१७ साठी १.७५ टक्के होते. प्रत्यक्षात दोन्ही वर्षी शिल्लक ४ टक्क्यांच्या आसपास गेली. कर्जदात्यांनी मागितले त्याहून कितीतरी जास्त! ही रक्कम वाढीव करांतून आणि सार्वजनिक गुंतवणुकीचा हात आखडून आली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यातले ६१ कोटी ७० लाख युरो १६ लाख निवृत्तिवेतनधारकांना एकरकमी वाटले, तर युरो देशांच्या बचाव निधीने कर्जसवलतीच रोखून धरल्या. हे पुन्हा होणार नाही, असे पत्र त्साकालोतोस यांना द्यावे लागले, तेव्हा कुठे त्या सुटल्या. शिल्लक आपली आणि ती खर्च करायला परवानगी दुसऱ्याची.

मोठा भार स्वयंरोजगारितांवर पडला. २०१७ पासून वकील, अभियंते, छोटे व्यावसायिक यांच्या निव्वळ उत्पन्नावर निवृत्तिवेतनाचे २० टक्के आणि आरोग्याचे ६.९५ टक्के असा हप्ता बसला. ढोबळ हिशेब करू. वीस हजार युरो कमाईवर ५,३९० हप्त्यात गेले. उरलेल्या १४,६१० वर २२ टक्क्यांनी ३,२१४ कर. हाती आले ११,४०० च्या आत. शिवाय पुढच्या वर्षाच्या करापोटी या कराएवढीच रक्कम आगाऊ भरायची. धंदा बसला की पैसा सरकारकडे अडकून पडायचा आणि हप्ता मात्र जुन्या कमाईवर. अशाने प्रामाणिक माणूसही कमाई कमी दाखवायला शिकतो. हे येणार म्हणूनच जानेवारी २०१६ मध्ये टाय लावलेले व्यावसायिक अथेन्सच्या रस्त्यावर उतरले होते. तो २० टक्क्यांचा हप्ता १३.३३ वर आला जानेवारी २०१९ मध्ये. तोवर हा वर्ग सिरिझापासून तुटला होता.

श्रेय द्यायचे ते जून २०१८ चे. युरोपीय वित्तीय स्थिरता सुविधा या युरो देशांच्या आधीच्या बचाव निधीच्या सुमारे ९६ अब्जांच्या कर्जाची मुदत दहा वर्षांनी वाढली आणि त्यावरचे व्याज व मुद्दल २०३२ पर्यंत पुढे ढकलले गेले. सोबत रोकड इतकी राखून ठेवली की ग्रीसला कर्जासाठी घाईने बाजारात उभे राहावे लागू नये. मार्च २०१९ मध्ये दहा वर्षांचे रोखे ३.९ टक्क्यांनी विकले गेले, २०१० नंतर प्रथमच. बदल्यात २०२२ पर्यंत जीडीपीच्या ३.५ टक्के आणि पुढे २०६० पर्यंत सरासरी २.२ टक्के प्राथमिक शिल्लक राखण्याचे वचन दिले गेले. या काळात अथेन्समध्ये सरकारे कितीही बदलोत.

त्साकालोतोस यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सिरिझा सोडला आणि सहकाऱ्यांसह ‘नवी डावी’ हा पक्ष काढला. पुढे ढकललेले व्याज मात्र माफ झालेले नाही. ते मुद्दलात साठते आहे आणि २०३२ मध्ये युरोगट ते खाते पुन्हा उघडणार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे