अपडेट आलं, डीव्हीडी गेली

महोदय,

मंगळवार पेठेत गेली एकोणीस वर्षं मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, आणि त्या दिवसांत माझ्या कॉम्प्युटरला घरचं कोणी हातसुद्धा लावत नाही. यंदा कोणी लावलाही नव्हता. रात्रीत एडिटिंगचं सॉफ्टवेअर आपलं आपणच अपडेट झालं. सकाळी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायची खिडकी, उघडली तर डीव्हीडीसाठी लागणारं एमपेग-2 (व्हिडिओ साठवायचा एक प्रकार) गायब, मी नावं देऊन जपलेले प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या सेटिंग्ज, गायब. ग्राफिक्स कार्डावरून एक्स्पोर्ट करायचा पर्याय तेवढा दिसत होता, पण करडा पडलेला, म्हणजे निवडताच येईना.

डीव्हीडी आता बघतंय कोण, असं कुणी म्हणेल. गगनबावड्याकडच्या एका नवरीचे आजोबा बघतात. त्यांच्या वाडीत रेंज धरायला टेकडीवर जावं लागतं. घरात जुना प्लेअर आहे, तो मात्र ठणठणीत. धाकट्या काकांना पेन ड्राइव्ह हवा होता. तो दिला, तर टीव्हीवर सनई ऐकू येतेय आणि पडदा काळा! नव्या आवृत्तीनं परस्पर एच.265 हा व्हिडिओचा नवा प्रकार निवडला होता, तो त्या टीव्हीला पेलत नाही. एच.264 या जुन्या प्रकारात करून परत दिला.

बाकीचं कसं सुटलं ते इस्कटून सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. प्रीसेट पुसले गेले नव्हते. जुन्या आवृत्तीच्या नंबराच्या फोल्डरमध्ये पडून होते. नव्या फोल्डरात कॉपी केले, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, आले. करडा पर्याय ग्राफिक्स ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नवा टाकल्यावर जागा झाला. एमपेग-2 मात्र कंपनीनं काढूनच टाकलेलं. त्यासाठी जुनी आवृत्ती शेजारी बसवली, तर नव्यात सेव्ह झालेला प्रोजेक्ट ती उघडेना. शेवटी नव्यातून भारी दर्जाची एक मोठी फाइल काढली आणि जुन्यात घालून 720 बाय 576 पिक्सेलची डीव्हीडी केली. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या गावात मी एका पर्यायापायी तीन रात्री जागलो.

कंपनीच्या मदतकेंद्रानं कळवलं की डीव्हीडीची ही सोय फारसं कोणी वापरत नाही. दरमहा पैसे मात्र आमच्याकडूनही तेवढेच घेतात. अपडेटच्या खिडकीत काय नवं आलं याची मोठी जाहिरात असते. काय काढलं तेही तिथंच लिहायला काय हरकत आहे? आणि जुनी आवृत्ती उतरवून घ्यायची सोय निदान एक लग्नसराई पार पडेपर्यंत तरी ठेवावी.

व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं, आषाढीपर्यंत ऑटो-अपडेट बंद ठेवा.

– एक व्हिडिओ एडिटर, मंगळवार पेठ, कोल्हापूर