खातेउतारा पळवणाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला वकीलसाहेबांचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला. दोन्ही वेळा रक्तदाब वाढला. नवरा-बायकोचे चोरून टेप केलेले संभाषण त्यांच्यातल्या वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालते, हा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला निकाल त्यांनी सोपा करून सांगितला, त्याबद्दल आभार. पण शेवटच्या परिच्छेदात बँकेचे खातेउतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रेही त्यांनी त्याच माळेत ओवली आणि कागद खरा असला की तो कसा मिळवला याची काळजी करू नका, असा सल्ला देऊन टाकला. स्वतःच्याच बोलण्याची टेप करणे आणि दुसऱ्याचे खाते बँकेतून पळवणे यात त्यांना फरक दिसत नसेल, तर माझ्या भावाचे वकील मात्र हा लेख कापून ठेवतील.

या सल्ल्याचा प्रसाद मला आधीच मिळाला आहे. वडिलांच्या घराच्या वाटपाचा दावा चालू आहे. भावाचे म्हणणे, वडिलांनी हयातीतच मला पैसे दिले, आता घरात माझा हिस्सा नाही. बरे, सिद्ध कर. तर त्याच्या बाजूने कागदांच्या यादीसोबत माझ्याच बचत खात्याचा पाच वर्षांचा उतारा हजर! मी कुणाला दिला नव्हता, कोर्टाने मागवला नव्हता, त्यावर ना शिक्का ना सही. कुठून आला, तर म्हणे निनावी पाकिटातून पोस्टाने. आमच्याकडे विजेचे बिल वेळेवर येत नाही, पण ते असो. वडिलांकडून आलेली म्हणून जी रक्कम दाखवायची होती ती त्यात सापडलीच नाही. मग उलटतपासात प्रश्न आला, दर महिन्याला या डॉक्टरांच्या नावावर पैसे कशाचे जातात? ते डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. उपचार कुणाचे, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. मागच्या बाकांवर आमची अर्धी भावकी बसलेली. आमच्या वकिलांनी हरकत घेतली, प्रश्न मागे घेतला गेला, आणि संध्याकाळी मामींचा फोन आला, ‘अगं, आम्हाला कधी बोलली नाहीस ती!’

वकीलसाहेबांनी १९७४ च्या पूरनमल खटल्याचा दाखला दिला आहे. तो प्राप्तिकर खात्याच्या छाप्याचा मामला होता. झडती बेकायदा ठरली तरी केवळ तेवढ्यावरून सापडलेले कागद बाद होत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. मग सर्वोच्च न्यायालयाचाच २००४ चा कॅनरा बँकेचा निकाल लेखात का नाही? बँकेकडे सोपवले म्हणून कागदाचे खासगीपण संपत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कुणालाही बँकेत शिरून कागद तपासू देणारी आंध्रच्या मुद्रांक कायद्यातली तरतूद तिथे टिकली नाही. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. थोडक्यात, जिल्हाधिकाऱ्याच्या माणसाला जे जमले नाही, ते माझ्या भावाला जमते.

सरळ रस्ता नव्हता असेही नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ चा आहे. कलम ६ खाली कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाला पटले तर लागतील तेवढ्याच नोंदी पाहण्याचा हुकूम होतो. तो बँकेला सुट्या सोडून पूर्ण तीन दिवस आधी मिळावा लागतो आणि बँकेला हरकतही घेता येते. वडिलांकडून आलेल्या रकमा तपासा ना, माझी ना नाही! डॉक्टरांची फी कशाला? संगणकावरून काढलेल्या उताऱ्याला शाखाधिकाऱ्याचे किंवा प्रमुख लेखापालाचे प्रमाणपत्र लागते, हेही त्याच कायद्यात आहे. पोटगीच्या दाव्यात तर नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्तेचे आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. लेखात यातले अक्षर नाही.

मी स्वतः बँकेतून निवृत्त झाले (ही नव्हे, दुसरी). रुजू होतानाच निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही घेतली होती. लेजरच्या काळात एखादे सासरे जावयाची शिल्लक विचारायला काउंटरवर यायचे, तेव्हा आमचे साहेब त्यांना ‘जावईबापूंनाच घेऊन या’ म्हणून चहा पाजून वाटेला लावायचे. आता तर कुणाच्या आयडीवरून कुठले खाते कधी उघडले हे सगळे सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीत, राहते. हजर केलेल्या उताऱ्याच्या तळाशी तारीख, वेळ आणि आयडी चक्क छापलेला आहे. तो मी शाखाधिकाऱ्यांना बोट ठेवून दाखवला. ‘मॅडम, तुमच्याच घरचं कुणी आलं असेल.’ हो, घरचेच आले होते! लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. बँक मात्र मला केवायसीसाठी पुन्हा पुन्हा बोलावते, आधार आणा, पॅन आणा, फोटो नवा आणा. पासबुक छापायचे यंत्र दिवाळीपासून बंद. खातेदाराला नोंदी मिळत नाहीत, भावाला मिळतात.

तो उतारा कोर्टाने वाचायचा की नाही, ते कोर्ट ठरवेल. पण तो वाचला जाईल म्हणून आणणाऱ्याला आणि देणाऱ्याला कुणी काही विचारायचेच नाही का? वकीलसाहेबांनी पुढच्या रविवारी एवढ्या एका प्रश्नावर लिहावे. जागा नसेल तर राशिभविष्य थोडे कमी करा.

आणखी एक. लेखासोबत भिंग घेऊन नवऱ्याचा मोबाइल तपासणारी बायको काढली आहे. मागे घटस्फोटावरच्या लेखालाही हीच बाई होती, साडीचा रंग तेवढा बदललेला. पुढच्या खेपेला बँकेच्या काउंटरवर वाकून उभा असलेला भाऊ काढा. फोटो हवा असेल तर मी पाठवते.

— एक वाचक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)