गाणी असू देत की, पण गच्चीवर अकरापर्यंत नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या टिळकवाडी भागात अलीकडं गच्चीवरची हॉटेलं वाढलीत आणि शुक्रवार ते रविवार तिथं लाइव्ह म्युझिक असतं, त्याबद्दल लिहितोय. आधीच सांगतो, हॉटेल बंद करा, गाणी बंद करा असलं काही माझं म्हणणं नाही. गावातलीच पोरं गिटार घेऊन गातात, त्यांना चार पैसे मिळतात, नाहीतर गोवा नाहीतर पुणे गाठायचं. आणि बेळगावला गाण्याचं वावडं कधी होतं? कुमार गंधर्व आपल्या तालुक्यातल्या सुळेभावीचे. प्रश्न फक्त आवाज किती आणि किती वाजेपर्यंत, एवढाच आहे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या हॉटेलात (नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका हॉटेलाचं नाही) नऊ वाजता कार्यक्रम सुरू होतो आणि साडेदहाला खरा रंगात येतो, मग वन्स मोअर, मग अजून एक, असं करत सव्वाअकरा होतात. गाण्याचे शब्द आमच्यापर्यंत पोचतच नाहीत, पोचतो तो नुसता धब धब आवाज, आणि त्यानं स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलच्या डब्यांची झाकणं खुळखुळतात. आई एकदा उठून सगळ्या झाकणांखाली फडकी घालून आली, तेव्हा कुठं ती झाकणं तरी गप्प झाली. इथं थंड हवा म्हणून खिडक्या उघड्या टाकून झोपायची सवय, आता खिडक्या लावल्या तरी बास, म्हणजे तो धब धब आवाज, काही थांबत नाही, कारण जाड आवाज भिंतीतून, स्लॅबमधून आरामात येतो, बारीक आवाज तेवढा अडतो. त्यात तो मोठा स्पीकर थेट स्लॅबवर ठेवलेला.

मालकाकडं आम्ही चारपाच जण जाऊन आलो. माणूस वाईट नाही, चहा पाजला, पण म्हणाला, "गणपतीत डॉल्बी लागते, शिवजयंतीला चित्ररथ रात्रभर चालतात, तेव्हा तुम्ही कुठं असता?" ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशेब करा की. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे आणि सणासुदीला सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ती वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. हॉटेलाचे आठवड्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर रात्री झाल्या. आणि सणाला आपण स्वतःच रस्त्यावर असतो ओ, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते. रविवारी रात्री सव्वाअकराला ज्याच्या पोराचा सोमवारी एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा पेपर आहे त्यानं काय करायचं?

अजून एक गैरसमज आहे. हॉटेलचं लायसन आहे म्हणजे स्पीकरची परवानगी आली असं नाही. लाउडस्पीकरला लेखी परवानगी वेगळी लागते. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित असेल तर ५० आणि ४०, आणि खासगी जागेच्या हद्दीवर तुमच्या सिस्टिमचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. दहानंतर बंद हॉलमध्ये आतल्या आत काही चालवायची मुभा आहे, पण चारी बाजूंनी उघडी गच्ची, वर पत्रा टाकला म्हणून बंद हॉल होत नाही. मोबाईलवरच्या ॲपचं मोजमाप तक्रारीत कोण धरत नाही, पण अंदाज येतो, मालकांनी स्वतःच्या कुंपणापाशी उभं राहून एकदा बघावं.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि फार खर्चाचंही नाही. कार्यक्रम नऊऐवजी सातला सुरू करा, पोरंबाळं घेऊन येणारी गिऱ्हाइकं तशीही आठलाच येतात. गच्चीवर गिटार, बासरी, कहोन (वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी) एवढंच ठेवा आणि साडेनऊला आटपा, त्यानंतर ज्यांना पाहिजे त्यांनी खाली बंद खोलीत खिडक्या लावून गावं. दोन मोठे स्पीकर शेजाऱ्यांकडं तोंड करून लावण्यापेक्षा टेबलांजवळ चार छोटे, तोंड आतल्या बाजूला, आवाज कमी, तरी गिऱ्हाइकाला नीट ऐकू येतं. बासच्या स्पीकरखाली जाड रबर घाला. साउंड सिस्टिमच्या मिक्सरवर लिमिटर लावून ठेवला की गाणारा जोशात आला तरी आवाज ठरलेल्या पट्टीच्या वर जात नाही. आणि कुणाचा तरी एक फोन नंबर गल्लीत द्या, जो रात्री उचलला जाईल. आत्ता लँडलाईन नुसती वाजत राहते, आणि मग लोक ११२ ला फोन करतात, पोलीस येतात, आवाज अर्धा तास कमी होतो, ते गेले की पुन्हा सुरू.

गाणी संपल्यावर रस्त्यावर जे चालतं, बुलेटचे सायलेन्सर, गेटसमोर उभं राहून गप्पा, त्याला गाणारी पोरं जबाबदार नाहीत, पण वॉचमन ठेवलाय तर त्यानं गाड्या काढायला लावायला काय हरकत आहे.

परवानगी देणाऱ्या कचेरीत आम्ही अर्ज केलाय. मराठीतला घेतला नाही, कन्नडात आणा म्हणाले, शेजारच्या कन्नड काकांनी बसून लिहून दिला आणि खाली पहिली सही पण त्यांनीच ठोकली. अर्जात मागणी एवढीच आहे की परवानगी देताना वेळ, जागा आणि डेसिबल कागदावर लिहा आणि नूतनीकरणाच्या आधी शेजाऱ्यांना एकदा बोलवा. अजून उत्तर नाही. हिंदवाडी, सदाशिवनगरकडं कुठं असं हॉटेलवाल्यांशी बसून मिटवलं असेल तर त्या लोकांनी या सदरात जरूर लिहावं, काय ठरलं, किती वाजेपर्यंतचं ठरलं आणि पाळलं जातंय का.

एक रहिवासी,
टिळकवाडी, बेळगाव