जस्ताची गोळी आणि वाकडे झालेले तोंड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील खनिजांच्या कमतरतेवरचा लेख वाचला. शरीरात जस्त, म्हणजे औषधाच्या दुकानातले ‘झिंक’, कमी पडल्याने चेहऱ्याचा लकवा होतो, असे त्यात जवळजवळ ठामपणे म्हटले आहे. हा ठामपणा मला खटकला, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वी सकाळी चूळ भरताना माझ्या थोरल्या भावाच्या तोंडातून पाणी एका कडेने ओघळले आणि आरशात पाहतो तो उजवा डोळा मिटेना. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘वारं लागलं’ म्हणून सांगितले, एका औषधविक्रेत्याने झिंक आणि बी-12च्या गोळ्या दिल्या, आणि त्यातच चार दिवस गेले.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की फुगायला जागा नसल्याने आतल्या आत दबते. हाच ‘बेल्स पाल्सी’. ताप येऊन गेल्यावर ओठांवर पुरळ उठवणारा विषाणू या सुजेमागे असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. काही लहान अभ्यासांत अशा रुग्णांच्या रक्तात जस्त कमी आढळले, हे खरे. पण शरीरात कुठेही संसर्ग वा दाह असला की रक्तातले जस्त यकृतात ओढले जाते आणि त्याची पातळी आपोआप उतरते. मग ही कमतरता आजाराचे कारण की परिणाम, हे लेखकाने कशावरून ठरवले? कॅल्शियमचे तर उलटेच आहे. ते फार कमी झाले की हीच नस अतिसंवेदनशील होते आणि कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली तरी ओठाचा कोपरा फडफडतो. तो लकवा नव्हे. शिवाय झिंक महिनोन्‌महिने जास्त मात्रेत घेतल्यास तांबे कमी पडून मज्जारज्जूला इजा होऊ शकते, हेही लेखात यायला हवे होते. जस्तासाठी मोड आलेल्या मटकीची उसळ खाण्याबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही.

उपयोग सिद्ध झाला आहे तो स्टेरॉइडचा, आणि तोही लवकर सुरू केल्यास. स्कॉटलंडमध्ये 551 रुग्णांवर झालेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे दिसल्यापासून 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी 94.4 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 81.6 टक्के होते. कपाळाला आठ्या पडत असूनही तोंड वाकडे झाले असेल, तर मेंदूच्या झटक्याचीच शंका आधी घ्यावी लागते, आणि मग प्रश्न दिवसांचा नसून मिनिटांचा असतो.

हे 72 तास आपण पुढच्या अंकात लेखाच्या मथळ्याएवढ्याच ठळक अक्षरांत छापावेत, ही विनंती. भाऊ बराचसा सावरला आहे. फक्त हसला की त्याचा उजवा डोळा अजूनही आपोआप बारीक होतो.

आपला,
एक वाचक, कराड